वर्ल्ड ज्युनियर्सच्या आधी टीम कशी जोखायची: पायऱ्या, त्यांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

वर्ल्ड ज्युनियर्स म्हणजे आइस हॉकीची २० वर्षांखालच्या पोरांची जागतिक स्पर्धा, आणि डिसेंबर उजाडला की आमच्याकडे हा विषय निघतोच. इथली, कॅनडातल्या मिसिसॉगातली मित्रमंडळी ऑफिसच्या पूलमधे (अंदाज लावायच्या खेळात) नाव द्यायचं म्हणून विचारतात, पुण्याहून भाचा फोन करतो, "मामा, यंदा वर्ल्ड ज्युनियर्स कोण नेणार?" आणि विचारतानाच प्रत्येकाचं उत्तर ठरलेलं असतं, कारण त्याने एनएचएल (उत्तर अमेरिकेतली मोठी व्यावसायिक लीग) ड्राफ्टच्या, म्हणजे क्लब तरुण खेळाडू निवडतात त्या निवडीच्या, पहिल्या फेरीत गेलेली पोरं मोजलेली असतात, ज्या देशाची जास्त तो जिंकणार, विषय संपला. मग २ जानेवारीला क्वार्टरफायनल होतात आणि अंदाज कोसळतात, पुढच्या वर्षी परत तेच.

माहिती बहुतेकांकडे भरपूर असते. घोळ होतो तो क्रमात. आधी नावं बघितली की मन बनतं, आणि मग गोली (गोलकीपर) कोण, डिफेन्स कसा, गट कुठला हे सगळं आपण त्या बनलेल्या मनाला जुळवून घेतो. म्हणून खालच्या पायऱ्या ज्या क्रमाने लिहिल्यात त्याच क्रमाने करा, एखादी कंटाळवाणी वाटली तरी उडी मारू नका. मी इथे फक्त वरच्या श्रेणीच्या २० वर्षांखालच्या स्पर्धेबद्दल लिहितोय, १८ वर्षांखालच्या स्पर्धेचं गणित वेगळं असतं.

पायरी १: स्पर्धेचा साचा आधी पक्का करा

दहा टीम, पाच-पाचचे दोन गट. २६ ते ३१ डिसेंबर प्रत्येक टीमच्या चार मॅच. प्रत्येक गटातले पहिले चार क्वार्टरफायनलला जातात, म्हणजे गटातून बाहेर फक्त एकच टीम पडते, आणि दोन्ही गटांतले पाचवे वरच्या श्रेणीतली जागा टिकवायला आपापसात खेळतात. क्वार्टरफायनल साधारण २ जानेवारी, सेमी ४, फायनल ५. साध्या विजयाला ३ पॉइंट, ओव्हरटाइम किंवा शूटआउटमधे जिंकलं तर २, तिथे हरलं तर १.

ह्यातून एक गोष्ट निघते जी लोक लक्षातच घेत नाहीत. गटातल्या मॅच भरभरून जिंकणं आणि गोल्ड जिंकणं ही दोन वेगळी कामं आहेत. गोल्डला चार दिवसांत तीन बाद फेरीच्या मॅच लागोपाठ काढाव्या लागतात, एक खराब रात्र आली की घरी. स्वीडनचंच बघा, २००७ ते २०२० ह्या काळात गटातल्या सलग ५४ मॅच जिंकले, आणि त्या सगळ्या काळात गोल्ड किती? एक, २०१२ चं. "स्वीडन गटात हरत नाही" हे वाक्य खरं होतं, तरी त्यावरून स्वीडनला गोल्ड देणारे वर्षानुवर्षं फसले.

मग कागदावर पहिल्या ओळीत हे लिहा की तुम्ही नक्की कशाचा अंदाज करताय. गटात कितवा नंबर, का मेडल, का गोल्ड, का कुणाला धक्का देऊ शकेल अशी छोटी टीम. चारही प्रश्नांना वेगळी उत्तरं येऊ शकतात आणि यायलाच हवीत.

तपासा: तुमच्या सगळ्या प्रश्नांना तीच एक टीम उत्तर म्हणून येतेय का? येत असेल तर तुम्ही अजून टीम जोखलेली नाही, आवडती टीम सांगितली आहे.

पायरी २: कागद आणि तारखा

फोनमधल्या नोटपेक्षा मला कागद बरा वाटतो, एका टीमला एक पान. प्रत्येक पानावर हे रकाने: कोण येतंय, गोली, डिफेन्स, सेंटर (मधला फॉरवर्ड), मिनिटं, अनुभव, पेनल्टी, गट. नावांसाठी मोठी जागा ठेवू नका, छोटीच ठेवा.

काम तीन बैठकींत होतं. पहिली डिसेंबरच्या सुरुवातीला, कॅम्पच्या याद्या आल्या की. दुसरी अंतिम टीम जाहीर झाल्यावर, साधारण २५ जणांची यादी असते, त्यात तीन गोली. तिसरी सराव सामने संपल्यावर, म्हणजे २३-२४ डिसेंबरला. आणि २५ च्या रात्री कागदाला कुलूप, त्यानंतर खाडाखोड नाही.

भारतातून बघणाऱ्यांनी एक करा, वेळापत्रक आधीच भारतीय वेळेत लिहून ठेवा. स्पर्धा कॅनडाच्या पूर्व भागात असेल तर संध्याकाळी साडेसातची मॅच आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला लागते, आणि तारीख बदलल्यामुळे कुठल्या टीमला दोन दिवस लागोपाठ मॅच आहेत हे वाचताना गोंधळ होतो.

पायरी ३: येणार कोण, हे आधी ठरवा

वयाचा नियम सोपा आहे. २०२६ ची स्पर्धा असेल तर २००६ किंवा त्यानंतर जन्मलेले खेळाडू चालतात. पण वयात बसतो म्हणजे येतो असं नाही. एनएचएलमधे खेळणाऱ्या मुलाला सोडायचं की नाही हे त्याचा क्लब ठरवतो, आणि खरोखर चांगला खेळत असेल तर क्लब सहसा सोडत नाही. म्हणजे वयोगटातले सगळ्यात चांगले दोन-तीन जण बऱ्याचदा ह्या स्पर्धेत नसतातच.

२०२५ मधे कॉनर बेडार्ड आणि मॅक्लिन सेलेब्रिनी दोघंही वयात बसत होते, दोघंही एनएचएलमधे होते, कॅनडाकडे दोघंही नाहीत. अमेरिकेचा विल स्मिथ तसाच. ह्याच्या उलट २००५, त्या मोसमात एनएचएल लॉकआउटमुळे (मालक-खेळाडूंच्या वादामुळे) बंद होती म्हणून कॅनडाला सगळे मिळाले, आदल्या वर्षी बॉस्टनकडून एनएचएल खेळलेला पॅट्रिस बर्जरॉनसुद्धा, आणि त्या टीमने फायनलला रशियाला ६-१ ने हरवलं. देश तोच, जर्सी तीच, पण दोन्ही वर्षांची टीम एका तराजूत घालता येत नाही.

सगळ्यात मोठा धडा फिनलंडचा. २०१६ ला हेलसिंकीत त्यांनी गोल्ड घेतलं तेव्हा आहो, पुल्युयार्वी आणि लाइने ही तीन फॉरवर्डची लाइन (एकत्र खेळणारं त्रिकूट) सगळ्यांच्या तोंडी होती. तिघंही २०१७ साठी वयात बसत होते, पण तिघंही नाही आले, एनएचएल. लोकांनी "गतविजेता" हा शब्द बघून फिनलंडला वर ठेवलं, आणि ती टीम गटात शेवटची आली, मधेच कोच बदलावा लागला, वरच्या श्रेणीतली जागा टिकवायला लॅटव्हियाशी खेळावं लागलं. गेल्या वर्षीचं मेडल गेल्या वर्षीच्या पोरांचं असतं.

कसं करायचं: त्या देशाच्या वयात बसणाऱ्या चांगल्या दहा-बारा जणांची यादी करा. प्रत्येकापुढे सध्या कुठल्या लीगमधे खेळतो ते लिहा. एनएचएलमधे नियमित असेल तर तो येत नाही असं धरूनच चाला, आला तर नंतर वाढवता येतं. एएचएलमधे (एनएचएलच्या खालच्या लीगमधे) असेल तर प्रश्नचिन्ह. दुखापत असेल तर तारखेसकट लिहा, नुसतं "बरा होतोय" नको.

सावधान: "येणार आहे म्हणे" ह्या बातमीवर एकही पॉइंट देऊ नका. अंतिम यादीत नाव आलं की मगच.

पायरी ४: गोली, आणि इथे घाई नाही

मला विचाराल तर अर्धा वेळ ह्याच पायरीला द्या. सात मॅचची स्पर्धा आहे, त्यातल्या शेवटच्या तीन बाद फेरीच्या, एक गोली तापला की सगळा हिशोब उलटा होतो. आणि नेमकं इथेच लोक एका ओळीत काम उरकतात, "गोली ठीक आहे".

२७ डिसेंबर २०२४ (म्हणजे २०२५ ची स्पर्धा), ओटावा. लॅटव्हियाने कॅनडाला शूटआउटमधे ३-२ ने हरवलं, त्यांच्या लिनार्ड्स फेल्डबर्ग्सने त्या रात्री ५५ शॉट अडवले. स्लोव्हाकियाने २०१५ ला ब्राँझ घेतलं तेव्हा स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू त्यांचा गोली डेनिस गोडला होता. २०२३ ला स्पर्धेचा सर्वोत्तम गोली ठरला स्लोव्हाकियाचाच अॅडम गायान, जो त्या मोसमात अमेरिकेतल्या एनएएचएल नावाच्या खालच्या ज्युनियर लीगमधे खेळत होता, आणि त्या पोराने अमेरिकेला ६-३ ने हरवलेल्या मॅचमधे गोल सांभाळला. २०२५ ला सर्वोत्तम गोली फिनलंडचा पेटेरी रिम्पिनेन, त्याला तोवर एनएचएल ड्राफ्टमधे कुणी घेतलंही नव्हतं, पण तो लीगामधे (फिनलंडची वरची लीग), मोठ्या माणसांसमोर एस्पोच्या टीमचा गोल सांभाळत होता.

ह्या नावांमधे ड्राफ्टचा नंबर शोधून काहीच हाती लागत नाही. मग बघायचं काय?

एक, ह्या मोसमात किती मॅच सुरुवातीपासून खेळला. डिसेंबरपर्यंत पंधरा-वीस मॅच खेळलेला गोली आणि क्लबमधे दुसऱ्या नंबरवर बसून पाच-सहा मॅच मिळालेला गोली, दोघांचं सेव्ह पर्सेंटेज (आलेल्या शॉटपैकी अडवलेल्यांचं प्रमाण) सारखं असलं तरी मी पहिल्याला वर ठेवतो. कमी मॅचचा आकडा फसवा असतो, दोन चांगल्या रात्रींनी फुगतो.

दोन, त्याच्या क्लबमधल्या दुसऱ्या गोलीचा आकडा किती. ह्याचा ०.९१५ आणि दुसऱ्याचाही ०.९१५ असेल तर श्रेय डिफेन्सचं असू शकतं. ह्याचा ०.९१० आणि दुसऱ्याचा ०.८८५ असेल तर तो गोली एकटा टीम उचलतोय. हे बघायला दोन मिनिटं लागतात आणि जवळजवळ कुणीच बघत नाही.

तीन, गेल्या वर्षी इथे खेळलाय का. चेक टीमने २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन ब्राँझ घेतली, दोन्ही वेळा त्यांच्याकडे मिखाएल ह्राबाल होता. अशा गोलीला ह्या स्पर्धेचा गोंगाट, टीव्ही ब्रेक, एक दिवसाआड मॅच, हे सगळं माहीत असतं.

चार, दुसरा गोली कोण. हा प्रश्न तर अजिबातच विचारला जात नाही. २०२० ला कॅनडा गटात रशियाकडून ६-० असा हरला, त्याच मॅचमधे निको डॉजला काढून जोएल होफरला उभं केलं, आणि पुढची सगळी स्पर्धा होफरने काढली, गोल्ड जिंकलं, सर्वोत्तम गोलीही तोच. दुसरा गोली चांगला असणं म्हणजे कोचच्या हातात एक सुटकेचा रस्ता असणं, त्याला वेगळे पॉइंट द्या.

तपासा: प्रत्येक टीमचा पहिला आणि दुसरा गोली तुम्हाला न बघता सांगता येतोय का? दहापैकी आठ टीमचा तरी यायला हवा. येत नसेल तर पुढे जाऊ नका.

पायरी ५: डिफेन्स आणि सेंटर, विंगर नंतर

विंगर, म्हणजे कडेचे फॉरवर्ड, डोळ्यात भरतात, गोल करतात, त्यांचेच व्हिडिओ फिरतात. तरीही त्यांना शेवटी बघा. आधी वरचे चार डिफेन्समन, कारण बाद फेरीत कोच त्यांनाच वीस-बावीस मिनिटं खेळवतो.

चौघांमधे किती राइट-शॉट (स्टिक उजव्या बाजूला धरून खेळणारे) आहेत ते मोजा. सगळे लेफ्ट-शॉट असतील तर दोघांना उलट्या बाजूला खेळावं लागतं, बोर्डजवळ (रिंकच्या कडेच्या भिंतीजवळ) पक (रबरी चकती) बॅकहँडवर येतो, समोरून दाब आला की पक सुटतो. छोट्या चुका, पण तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या पिरियडमधे त्यातूनच गोल बसतात. मग त्यांच्यातला कोण पक घेऊन स्वतः बाहेर निघू शकतो, कोण नुसता अंगाने मोठा आहे, हे एखादी पूर्ण मॅच बघून ठरवा, गोलांचे तुकडे बघून कळत नाही.

सेंटरचं तर फारच चुकतं. यादीत "सेंटर" लिहिलेली आठ नावं असतात, पण क्लबमधे त्यातले चार विंगवर खेळतात. खरे सेंटर किती, त्यातले स्वतःच्या झोनमधे फेसऑफ (पक टाकून खेळ सुरू होतो तो) घ्यायला कोण उभा राहतो, हे शोधा. तीन-चार खरे सेंटर असलेली टीम मला सात भारी विंगर असलेल्या टीमपेक्षा कधीही जास्त भरवशाची वाटते.

एक दुखापत इथे किती फरक पाडते ते पण बघून ठेवा. २०२५ ला कॅनडाच्या मॅथ्यू शेफरचं कॉलरबोन त्याच लॅटव्हियाच्या मॅचमधे मोडलं, दुसऱ्याच मॅचला, आणि हा मुलगा पुढे त्याच वर्षी ड्राफ्टमधे पहिला गेला. वरच्या चौघांतला एक गेला तर त्याची मिनिटं कोण घेणार? पानावर पाचव्या आणि सहाव्याचं नाव लिहा.

पायरी ६: पॉइंट्स वाचताना लीग वाचा

इथे पॉइंट म्हणजे खेळाडूचे गोल आणि गोलला दिलेले पास मिळून. सगळ्यात जास्त भांडणं होतात ती इथे. "ह्या पोराचे तीस मॅचमधे पन्नास पॉइंट, त्या स्वीडिश पोराचे फक्त सहा, तुलना तरी कशी करताय?" अहो, पहिला स्वतःच्या वयाच्या पोरांविरुद्ध सीएचएलमधे (कॅनडातली ज्युनियर लीग) खेळतोय, पॉवर-प्लेवर (समोरचा एक खेळाडू पेनल्टीमुळे बाहेर असताना) पूर्ण दोन मिनिटं बर्फावर असतो. दुसरा एसएचएलमधे (स्वीडनची वरची लीग) तिशीतल्या बाप्यांविरुद्ध चौथ्या लाइनवर आठ-नऊ मिनिटं खेळतोय. आपल्याकडे शालेय क्रिकेटमधल्या तीनशे रन आणि रणजीतल्या चाळीस रन ह्यांची तुलना कुणी सरळ आकड्याने करत नाही, इथे मात्र करतात.

माझी रीत अशी. आधी लीग मोठ्यांची की पोरांची हे लिहितो. मोठ्यांची असेल (एसएचएल, लीगा, स्विस नॅशनल लीग, चेक एक्स्ट्रालीगा, जर्मनीची डीईएल) तर पॉइंट बाजूला ठेवतो आणि मिनिटं बघतो. एकोणीस वर्षांचा पोरगा तिथे नियमित चौदा-पंधरा मिनिटं खेळत असेल तर कोचचा त्याच्यावर विश्वास आहे, एवढं पुरे. पोरांची लीग असेल तर पॉइंट बघतो, पण पॉवर-प्लेचे वेगळे काढून. पन्नासपैकी तीस पॉवर-प्लेवर आले असतील तर नॅशनल टीममधे त्याला पहिल्या पॉवर-प्लेवर जागा आहे का हे विचारा, नसेल तर त्याचं अर्धं काम इथे होणारच नाही. अमेरिकन कॉलेजचा खेळ ह्या दोघांच्या मधे धरा, तिथे तेवीस-चोवीस वर्षांचे पण असतात आणि मॅच बहुतेक वीकेंडला, त्यामुळे डिसेंबरपर्यंत मॅचच कमी झालेल्या असतात.

जुन्या स्पर्धांचे निकाल वापरतानाही हेच. १८ वर्षांखालची वर्ल्ड चॅम्पियनशिप एप्रिलमधे होते, तेव्हा सीएचएलचे प्लेऑफ चालू असतात, कॅनडाची बरीच चांगली पोरं तिथे नसतात. ऑगस्टच्या ह्लिंका ग्रेट्स्की कपला अमेरिका आपल्या नॅशनल डेव्हलपमेंट प्रोग्रामची मुख्य टीम पाठवत नाही. एक निकाल कॅनडाला उगाच खाली दाखवतो, दुसरा अमेरिकेला. "ह्याच बॅचने दोन वर्षांपूर्वी त्यांना हरवलं होतं" असं कुणी म्हटलं की आधी विचारा, कुठल्या स्पर्धेत?

सावधान: दोन लीगचे पॉइंट एका रकान्यात लिहू नका. एकदा शेजारी शेजारी लिहिले की डोळा तुलना करतोच, कितीही ठरवलं तरी.

पायरी ७: वय आणि अनुभव

ही पायरी छोटी आहे. ही एकोणीस वर्षांच्या पोरांची स्पर्धा आहे. सतरा वर्षांचा हिरा असतो कधीकधी, पण टीमचा कणा एकोणीसचा हवा. मोजायचं एवढंच: एकोणीसचे किती, आणि गेल्या वर्षी इथे खेळून परत आलेले किती. चेक टीमचा एदुआर्द शाले २०२३, २०२४ आणि २०२५ असा तीनदा खेळला, अशी तीन-चार पोरं असली की टीम पहिल्या गोलनंतर बिथरत नाही. परत आलेल्यांत एक डिफेन्समन आणि एक सेंटर आहे का ते बघा, नुसते विंगर परत आले तर मी फार पॉइंट देत नाही.

पायरी ८: पेनल्टी आणि स्पेशल टीम्स (पॉवर-प्ले आणि पेनल्टी किल)

कॅनेडियन पोरं घरच्या लीगमधे ज्या धडका मारतात त्यातल्या काही इथे पेनल्टी होतात. डोक्याला लागलं, गुडघा पुढे आला, मागून बोर्डवर ढकललं, इंटरनॅशनल रेफरी सोडत नाहीत, मारामारी केली की खेळाडू थेट मॅचबाहेर. २०२५ ला कॅनडा क्वार्टरफायनलला चेक टीमकडून ४-३ ने हरला त्या सगळ्या स्पर्धेत पेनल्ट्यांनी त्यांचं फार नुकसान केलं, आणि हे काही आभाळातून पडलेलं नव्हतं, यादी बघून थोडं तरी कळू शकलं असतं.

म्हणून प्रत्येक टीमच्या वरच्या बारा खेळाडूंचे क्लबमधले पेनल्टी मिनिटं बघा. नुसता आकडा नको, दोन-दोन मिनिटांच्या आळशी पेनल्ट्या (स्टिक अडकवणं, पकडून ठेवणं) किती आणि पाच मिनिटांच्या किती ते वेगळं काढा. मग पेनल्टी किलवर (आपला खेळाडू पेनल्टीमुळे बाहेर असताना बचावाला) जाणारे चार फॉरवर्ड कोण हे लिहा. स्टार पोरांना क्लबमधे पेनल्टी किलवर पाठवत नाहीत, आणि टीममधे बारापैकी दहा स्टार असले की ते काम करायला कुणीच उरत नाही. कोच कधी कधी ड्राफ्टमधे खाली गेलेला पोरगा घेतो आणि लोक ओरडतात, "अमक्याला वगळून हा?" तो बहुतेक वेळा ह्याच कामासाठी घेतलेला असतो.

पायरी ९: सराव सामने, कमीत कमी वजन देऊन

आता कुठे सराव सामने बघायचे, त्याआधी नाही. साधारण दोन-तीन असतात, २६ च्या आधीच्या आठवड्यात. ह्यांचा स्कोअर मी पानावर लिहीतच नाही. त्याऐवजी चार गोष्टी लिहितो:

गोली कोण होता, आणि पूर्ण मॅच खेळला की मधे बदलला. बऱ्याचदा अर्धी अर्धी मॅच देतात.

पहिल्या पॉवर-प्लेवर कोण पाच जण होते. दोन सामने तेच पाच असतील तर कोचचं ठरलंय.

कोण खेळलाच नाही. उशिरा आलेला, बारीक दुखापत असलेला, मुद्दाम ठेवलेला.

टीम येऊन किती दिवस झाले. अटलांटिक ओलांडून आलेल्या पोरांचे पहिले तीन-चार दिवस पाय जड असतात, तेव्हाची मॅच बघून "स्विस हळू आहेत" असं ठरवू नका. रिंकचा (बर्फाच्या मैदानाचा) फरकही असतोच, जुना इंटरनॅशनल रिंक ३० मीटर रुंद, एनएचएलचा साधारण २६, मोठ्या बर्फावर वाढलेल्या डिफेन्समनला इथे समोरचा माणूस अर्धा सेकंद आधी अंगावर येतो, सवय व्हायला दोन मॅच लागतात.

सावधान: सराव सामन्यावरून एका टीमला जास्तीत जास्त एक पायरी वर किंवा खाली हलवा. दोन पायऱ्या हलवाव्याशा वाटल्या तर आधीच्या पायऱ्यांत काहीतरी राहून गेलंय, मागे जाऊन शोधा.

पायरी १०: गट आणि रस्ता

गट सहसा गेल्या वर्षीच्या क्रमांकावरून पडतात, आणि त्यातून एक विचित्र गोष्ट होते. २०२४ ला कॅनडा क्वार्टरफायनलला हरला, पाचवा आला. २०२५ चे गट पडले तेव्हा पहिला, चौथा, पाचवा, आठवा, नववा एका गटात, म्हणजे अमेरिका, फिनलंड, कॅनडा, लॅटव्हिया, जर्मनी. दुसरीकडे स्वीडन, चेक, स्लोव्हाकिया, स्वित्झर्लंड आणि खालून वर आलेलं कझाकस्तान. कॅनडाच्या गटात तिघं मेडलचे दावेदार, म्हणजे एक जण तिसरा येणारच, आणि तिसरा आला की क्वार्टरफायनलला दुसऱ्या गटातला दुसरा. तोच झाला, चेक. हे सगळं मॅच सुरू व्हायच्या महिनेआधी कागदावर दिसत होतं.

तर प्रत्येक दावेदार टीमसाठी लिहा: गटात पहिला आला तर क्वार्टरला कोण, तिसरा आला तर कोण. दोन्ही उत्तरांत फार फरक असेल तर ती टीम तुम्ही समजताय त्यापेक्षा जास्त जोखमीची आहे. लागोपाठच्या दिवशी मॅच कुठे आहेत त्यावर गोल करा, दुसऱ्या दिवशी कुठला गोली खेळेल हा प्रश्न तिथे येतो. आणि ओव्हरटाइम तीन विरुद्ध तीनचा असतो, फायनललासुद्धा, म्हणून बर्फावर मोकळी जागा मिळाल्यावर खेळ उघडणारी तीन-चार पोरं कुणाकडे आहेत ते एका ओळीत नोंदवा. २०२३ आणि २०२५, दोन्ही फायनल तिथेच सुटल्या.

पायरी ११: क्रम लावा, पण एक ते दहा नको

एक ते दहा असा क्रम लावला की पाचवा आणि सहावा ह्यांत नसलेला फरक आपण तयार करतो. चार खण करा: गोल्ड जिंकू शकतात, मेडल घेऊ शकतात, एखाद्या रात्री कुणालाही हरवू शकतात, आणि जागा टिकवायला खेळतील. पहिल्या खणात तीनपेक्षा जास्त टीम नकोत, नाहीतर निर्णयच घेतला नाही असं होतं.

वजन मी असं देतो, शंभरातून: गोली ३०, डिफेन्स आणि सेंटर मिळून ३०, पेनल्टी आणि स्पेशल टीम्स १५, अनुभव १०, गट १०, आणि विंगरची नावं ५. पाच बघून लोक चिडतात. तुम्हाला दहा द्यायचे तर द्या, पण गोलीचे कापून देऊ नका.

कुलूप लावल्यावर काय बदलायचं, काय नाही

२६ ला स्पर्धा सुरू झाली की मोह होतो. फिनलंड २०२५ ला पहिल्याच रात्री कॅनडाकडून ४-० ने हरला, आणि कितीतरी जणांनी तिथेच त्यांच्यावर काट मारली. तीच टीम फायनलला गेली, अमेरिकेशी ओव्हरटाइमला ४-३ ने हरली, आणि कॅनडा पाचवा. कॅनडा २०२० ला रशियाकडून ६-० ने हरून आठ दिवसांनी त्याच रशियाला फायनलला ४-३ ने हरवून आला.

उलट दिशेची चूक मी स्वतः केली आहे आणि ती मला अजून लागते. २०२१, एडमंटन, रिकामं स्टेडियम. कॅनडाने फायनलच्या आधी ४१ गोल केले, ४ खाल्ले. मी सगळ्यांना छातीठोक सांगितलं की गोल्ड झालंच. त्या ४१ मधले १६ जर्मनीविरुद्धचे होते, ज्यांच्याकडे कोव्हिडच्या विलगीकरणामुळे त्या रात्री गोली सोडून चौदाच खेळाडू होते आणि आदल्याच दिवशी मॅच खेळून झाली होती. हे मला तेव्हाही माहीत होतं, मी ते हिशोबात धरलं नाही. फायनलला स्पेन्सर नाइटने एक गोल जाऊ दिला नाही, अमेरिका २-०.

म्हणून स्पर्धा चालू असताना फक्त तीन कारणांनी कागद बदला: पहिला गोली बदलला, वरच्या चौघांतला डिफेन्समन किंवा पहिला सेंटर जखमी झाला, किंवा क्वार्टरफायनलचा रस्ता तुम्ही लिहिलेल्यापेक्षा वेगळा निघाला. बदल वेगळ्या रंगाच्या पेनने करा आणि तारीख टाका, मूळ अंदाज खोडू नका.

५ जानेवारीनंतर प्रत्येक पानावर एकच काम करा, कुठल्या रकान्यामुळे चुकलात त्यावर खूण. पानं फेकू नका. पुढच्या डिसेंबरला परत आलेले खेळाडू मोजायला तीच पानं लागतात, आणि आजचे सतरा-अठराचे पोरगे तेव्हा एकोणीसचे झालेले असतात.